पॅलेस्टाइनची पहिली फाळणी-योजना : नकाशावरची रेघ आणि सव्वादोन लाख माणसं

बातम्यांमध्ये गाझा किंवा वेस्ट बँक ही नावं आली, की नववी-दहावीच्या वर्गात एक प्रश्न हमखास येतो. "सर, एवढी भांडणं आहेत तर सरळ दोन वेगळे देश करून टाकायचे ना!" पालकांनो, हा प्रश्न घरी जेवताना तुम्हीही ऐकला असेल. प्रश्न भाबडा वाटतो, पण तो टाळू नये. कारण नेमका हाच उपाय १९३७ साली ब्रिटिश सरकारने नेमलेल्या सहा अनुभवी माणसांनी चारशे पानांच्या अहवालात सुचवला होता, तोही नकाशासकट. आणि अवघ्या सोळा महिन्यांत दुसऱ्या ब्रिटिश आयोगाने तो अव्यवहार्य ठरवला. हे का झालं, ते मुलांना कळलं तर १९४७-४८ चा इतिहास शिकवणं पुष्कळ सोपं जातं.

शिक्षक मित्रांना एक सुचवावंसं वाटतं. हल्ली मुलं या विषयावर मोबाईलवर आलेलं काहीबाही वाचून, बाजू ठरवूनच वर्गात येतात. त्यामुळे "कोण बरोबर, कोण चूक" इथून सुरुवात केली की तासाचा फड होतो. त्याऐवजी आकड्यांपासून सुरुवात करा. आकडे पाहताना मुलं जरा शांत होतात.

एका जमिनीची तीन आश्वासनं

पार्श्वभूमी थोडक्यात सांगून पुढे जावं. पहिल्या महायुद्धाआधी पॅलेस्टाइन हा ऑटोमन तुर्की साम्राज्याचा भाग होता. युद्ध जिंकण्यासाठी ब्रिटिशांना सगळ्यांची मदत हवी होती. १९१५-१६ मध्ये इजिप्तमधले ब्रिटिश उच्चायुक्त मॅकमहॉन यांनी मक्केच्या शरीफ हुसेन यांना पत्रांतून अरब स्वातंत्र्याचं आश्वासन दिलं. त्या आश्वासनात पॅलेस्टाइन धरलं होतं की नव्हतं, यावर पुढे वर्षानुवर्षं वाद झाला. १९१६ मध्ये ब्रिटनने फ्रान्सबरोबर गुपचूप करार करून हाच सगळा मुलूख आपसात वाटून घेतला. आणि २ नोव्हेंबर १९१७ ला परराष्ट्रमंत्री बालफोर यांनी पॅलेस्टाइनमध्ये ज्यू लोकांचं 'राष्ट्रीय घर' उभारायला पाठिंबा जाहीर केला.

बालफोर यांचं ते पत्र अगदी छोटं आहे. त्यात तिथल्या इतर लोकांच्या नागरी आणि धार्मिक हक्कांना धक्का लागू नये असंही म्हटलंय. राजकीय हक्कांचा मात्र उल्लेख नाही. हे 'इतर लोक' म्हणजे त्या वेळच्या लोकसंख्येतले दहात नऊ जण. पण त्यांचं नाव पत्रात नाही, 'ज्यू नसलेले' एवढीच त्यांची ओळख. मुलांना ही गोष्ट मुद्दाम दाखवावी, त्यांच्या ती पटकन लक्षात येते.

युद्धानंतर राष्ट्रसंघाने पॅलेस्टाइनचा कारभार ब्रिटनकडे सोपवला. या व्यवस्थेला मॅन्डेट म्हणतात. लोक स्वतःचा कारभार करायला 'तयार' होईपर्यंत विश्वस्त म्हणून सांभाळायचं, असा त्याचा अर्थ. इथे मात्र विश्वस्ताने दोघांनाही शब्द देऊन ठेवला होता.

आता फळ्यावर आकडे लिहा. १९२२ च्या जनगणनेत एकूण लोकसंख्या साडेसात लाखांच्या आसपास, त्यात ज्यू सुमारे ८४ हजार, म्हणजे ११ टक्के. १९३१ च्या जनगणनेत एकूण दहा लाखांच्या वर, त्यात ज्यू पावणेदोन लाखांच्या जवळपास, म्हणजे १७ टक्के. १९३३ मध्ये जर्मनीत हिटलर सत्तेवर आला. पोलंडमध्येही ज्यूंचे हाल वाढले होते, आणि अमेरिकेने १९२४ च्या कायद्याने आपलं दार बरंचसं लावून घेतलं होतं. एकट्या १९३५ मध्ये साठ हजारांहून जास्त ज्यू पॅलेस्टाइनमध्ये आले. १९३६ पर्यंत ज्यू चार लाखांच्या घरात पोचले, अरब दहा लाखांच्या आसपास होते.

इथे थांबून मुलांना विचारा, तुम्ही गॅलिलीतल्या एखाद्या गावातले अरब शेतकरी असता तर या आकड्यांकडे बघून तुम्हाला काय वाटलं असतं? आणि बर्लिनमधले ज्यू दुकानदार असता तर? दोन्ही उत्तरांत भीतीच येते आणि दोन्ही भीती खऱ्या आहेत. पुढचा धडा याच पायावर उभा राहतो.

संप, बंड आणि आयोग

एप्रिल १९३६ मध्ये अरबांनी सार्वत्रिक संप पुकारला. नेतृत्व होतं अरब उच्च समितीकडे, अध्यक्ष जेरुसलेमचे मुफ्ती हाज अमीन अल-हुसैनी. मागण्या तीन : ज्यूंचं येणं थांबवा, त्यांना जमीन विकणं थांबवा, आणि लोकांनी निवडलेलं सरकार द्या. संप सहा महिने चालला. सोबत रस्त्यांवर हल्ले, रेल्वे उखडणं, गोळीबार हेही चालू झालं. ब्रिटिश सरकारने नेहमीचा मार्ग धरला, म्हणजे आयोग नेमला.

या आयोगातली माणसं बघण्यासारखी आहेत, आणि इथे आपल्या देशाचा धागाही लागतो. अध्यक्ष लॉर्ड पील हे दोनदा भारतमंत्री होऊन गेलेले. सर लॉरी हॅमंड आयसीएस, आसामचे माजी गव्हर्नर. १९३५ च्या कायद्यानुसार भारतात निवडणुकांचे मतदारसंघ आखणाऱ्या समितीचं अध्यक्षपदही त्यांच्याकडे होतं. म्हणजे धर्मानुसार जागा वाटून नकाशावर रेघा मारण्याचं काम ते नुकतेच करून आले होते! सर मॉरिस कार्टर यांनी आफ्रिकेतल्या वसाहतींत गोरे आणि आफ्रिकन यांच्यातल्या जमीनवाटपाच्या आयोगांवर काम केलेलं. सर होरेस रम्बोल्ड हे मुरलेले राजदूत, १९२३ चा लोझान तह करताना ब्रिटनतर्फे तेच होते. हा तह लक्षात ठेवा, पुढे लागेल. सर हॅरोल्ड मॉरिस औद्योगिक तंटे सोडवणारे. आणि ऑक्सफर्डचे इतिहासाचे प्राध्यापक रेजिनाल्ड कूपलंड. फाळणीची कल्पना पुढे रेटणारे मुख्यतः हेच प्राध्यापक. पुढे १९४२ मध्ये क्रिप्स योजनेच्या वेळी हेच कूपलंड भारतात होते आणि भारताच्या घटनात्मक प्रश्नावर त्यांनी मोठा ग्रंथही लिहिला.

नोव्हेंबर १९३६ मध्ये आयोग जेरुसलेमला पोचला. अरब नेत्यांनी आधी बहिष्कार टाकला आणि शेवटी शेवटी, जानेवारीत, येऊन साक्षी दिल्या. ज्यूंच्या बाजूने खाइम वाइझमन यांची साक्ष गाजली. युरोपातल्या साठ लाख ज्यूंसाठी जग दोन भागांत वाटलं गेलंय, एका भागात त्यांना जगता येत नाही आणि दुसऱ्यात शिरता येत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. मुफ्तींचं म्हणणं असं की युरोपने ज्यूंवर केलेल्या अन्यायाची भरपाई आमच्या जमिनीतून का? दोन्ही वाक्यं फळ्यावर शेजारी शेजारी लिहून ठेवावीत. मुलं त्यावर बोलतातच.

नकाशा कसा होता?

७ जुलै १९३७ ला अहवाल प्रसिद्ध झाला. आयोगाने स्पष्ट लिहिलं की मॅन्डेट चालवणं आता शक्य नाही, कारण दोन्ही बाजूंच्या मागण्या न्याय्य असूनही एकमेकींत बसत नाहीत. दोघांनाही सगळं मिळणार नाही, म्हणून दोघांनीही थोडं थोडं घ्यावं. अशा अर्थाने फाळणी सुचवली गेली.

योजनेत तीन तुकडे होते. उत्तरेचं गॅलिली, मधलं जेझ्रिएलचं खोरं आणि समुद्रकाठची मैदानी पट्टी मिळून ज्यू राज्य. क्षेत्रफळ एकूण देशाच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास. उरलेला बहुतेक भाग, म्हणजे मधले डोंगर आणि दक्षिणेचं नेगेव्ह वाळवंट, अरब राज्याला, आणि तेही स्वतंत्रपणे नाही तर अमीर अब्दुल्ला यांच्या ट्रान्सजॉर्डनला जोडून. तिसरा तुकडा ब्रिटिशांनी स्वतःकडे ठेवला : जेरुसलेम, बेथलेहेम आणि तिथून समुद्रापर्यंत जाणारी एक पट्टी, शिवाय नाझरेथ. हैफासारख्या मिश्र वस्तीच्या शहरांतही काही काळ ब्रिटिशच राहणार होते. याफा बंदर अरब राज्याचं, पण त्याच्या अगदी खेटून असलेलं तेल अवीव ज्यू राज्याचं.

वर्गात हा नकाशा काढायला सांगाच. तयार नकाशा दाखवू नका, हाताने काढू द्या. पट्टी काढली की ज्यू राज्याचे दोन भाग होतात, याफा एकटं पडतं, हे मुलांना पेन्सिलीनेच कळतं. पॅलेस्टाइनचे पहिले ब्रिटिश उच्चायुक्त लॉर्ड सॅम्युएल (स्वतः ज्यू होते) यांनी लॉर्ड्स सभागृहात नेमकी हीच टीका केली. पहिल्या महायुद्धानंतरच्या तहांनी युरोपात जे जे अडचणीचे तुकडे निर्माण केले, पोलंडची पट्टी काय, डान्झिग काय, ते सगळे वेल्सएवढ्या छोट्या देशात आणून बसवलेत, असं ते म्हणाले.

रेघेच्या चुकीच्या बाजूला कोण?

आता या पाठाचा गाभा. नकाशा झाला की मुलांना एकच प्रश्न द्या : रेघेच्या 'चुकीच्या' बाजूला किती माणसं राहिली?

अहवालातलेच आकडे असे. ज्यू राज्यासाठी ठरवलेल्या भागात सुमारे २,२५,००० अरब. अरब राज्याच्या भागात सुमारे १,२५० ज्यू.

हे दोन आकडे एकाखाली एक लिहा आणि काही बोलू नका. कोणीतरी मूल भागाकार करतंच. एकास एकशेऐंशी.

मग आयोगाने यावर काय सांगितलं? लोकसंख्येची 'अदलाबदल'. उदाहरण दिलं ग्रीस आणि तुर्कस्तानचं. १९२३ मध्ये लोझानच्या वाटाघाटींत या दोन देशांनी माणसं बदलून घेतली, म्हणजे तुर्कस्तानातले सुमारे तेरा लाख ग्रीक तिकडे आणि ग्रीसमधले सुमारे चार लाख तुर्क इकडे. त्या वेळी लोकांचे हाल झाले, पण पुढे दोन्ही देशांतले संबंध सुधारले, असा आयोगाचा युक्तिवाद. रम्बोल्ड त्या तहाच्या वेळी प्रत्यक्ष हजर होते हे आठवतंय ना?

तो दाखला इथे लागू पडत नव्हता. अदलाबदल म्हणायला दोन्हीकडे काहीतरी सारखं असावं लागतं. इथे एकीकडे सव्वादोन लाख, दुसरीकडे साडेबाराशे. याला बदली म्हणत नाहीत, याचं नाव हलवणं. शिवाय ग्रीसकडे आणि तुर्कस्तानकडे रिकामी झालेली घरं आणि शेतं तरी होती. हे सव्वादोन लाख जाणार कुठे? आयोगाने आशा केली की जॉर्डनच्या खोऱ्यात, ट्रान्सजॉर्डनमध्ये आणि बीरशेबाकडे पाणी काढून नवी शेती करता येईल. म्हणजे आधी गाव सोडायचं आणि मग पाणी सापडतं का ते बघायचं. शेतकरी कुटुंबातल्या मुलांना यातली मेख लगेच कळते, त्यांना समजावावं लागत नाही. आणि तरी आयोगाने असंही लिहिलं की मैदानी भागातल्या लोकांच्या बाबतीत ही हलवाहलव, वेळ पडली तर, सक्तीची असावी.

माझ्या मते या अहवालाचा सगळ्यात दूरगामी परिणाम नकाशाचा नाही, या एका कलमाचा झाला. नकाशा सोळा महिन्यांत रद्द झाला. पण 'वादग्रस्त भागातून माणसं हलवणं' हा उपाय एका सरकारी ब्रिटिश अहवालात, सभ्य भाषेत, छापून आला. दाव्हिद बेन-गुरियन यांनी जुलै १९३७ मध्ये आपल्या रोजनिशीत या कलमाला फार मोठं महत्त्व दिलं होतं. आणि अरबांच्या बाजूने विचार केला तर, आपल्याला आपल्याच गावातून काढण्याचा विचार लंडनमध्ये चालू आहे, ही भीती आता अफवा राहिली नव्हती, तिला छापील पुरावा मिळाला होता.

दोन्हीकडची उत्तरं

"ज्यूंनी मान्य केलं, अरबांनी नाकारलं" असं एका ओळीत बऱ्याचदा सांगितलं जातं. ते इतकं सरळ नव्हतं.

ऑगस्ट १९३७ मध्ये झुरिकला झिओनिस्ट काँग्रेस भरली. तिथे कडाक्याची भांडणं झाली. बऱ्याच जणांना पाचवा हिस्सा म्हणजे फसवणूक वाटली. शेवटी २९९ विरुद्ध १६० मतांनी ठराव झाला : ही योजना जशीच्या तशी मान्य नाही, पण ब्रिटिशांशी पुढे बोलणी करावीत. वाइझमन आणि बेन-गुरियन यांचा हिशोब असा की लहान का होईना, राज्य हातात आलं तर येणाऱ्यांना दार उघडता येईल. ऑक्टोबरमध्ये मुलाला लिहिलेल्या पत्रात बेन-गुरियन यांनी छोटं राज्य ही सुरुवात आहे, शेवट नाही, असं म्हटलंय. यावरून त्यांना लबाड ठरवायचं की दूरदर्शी, हा वाद मुलांवर सोडून द्यावा.

अरब उच्च समितीने योजना साफ फेटाळली. सप्टेंबरमध्ये सीरियात ब्लूदान इथे अरब देशांतल्या शेकडो प्रतिनिधींची सभा झाली, तिथेही तेच. अमीर अब्दुल्ला मात्र अनुकूल होते, त्यांना राज्य वाढवून मिळणार होतं. म्हणजे पॅलेस्टिनी अरबांना वेगळं राज्य मिळणारच नव्हतं, त्यांना शेजारच्या अमीरांच्या पदरात टाकलं जाणार होतं. नकाराचं हेही एक कारण होतं, जे सहसा सांगितलं जात नाही.

२६ सप्टेंबरला नाझरेथमध्ये गॅलिलीचे ब्रिटिश जिल्हा आयुक्त लुइस अँड्र्यूज यांची हत्या झाली. सरकारने अरब उच्च समिती बेकायदा ठरवली, मुफ्ती लेबनॉनला पळाले, आणि बंड पुन्हा भडकलं. ते १९३९ पर्यंत चाललं. हजारो अरब मारले गेले, शेकडो ज्यू आणि ब्रिटिशही.

दुसरा आयोग : 'रिपील'

डिसेंबर १९३७ मध्येच सरकारने कळवून टाकलं की सक्तीने माणसं हलवणं आम्हाला मान्य नाही. पण हे कलम काढलं तर योजनेत उरतं काय? ते बघायला दुसरा आयोग आला. अध्यक्ष सर जॉन वुडहेड, हेही आयसीएस, बंगालमधले. (१९४३ च्या बंगालच्या दुष्काळाची चौकशी करणारे वुडहेड हेच.) लंडनमध्ये लोक याला थट्टेने 'रि-पील' आयोग म्हणत, कारण इंग्रजीत 'रिपील' म्हणजे रद्द करणे.

वुडहेड यांनी केलं ते आपण वर्गात केलं तेच. रेघ घेतली आणि दोन्हीकडची माणसं मोजली. पील यांच्या रेघेला थोडी डागडुजी केली, तर ज्यू राज्यात सुमारे तीन लाख ज्यू आणि जवळजवळ तेवढेच अरब राहत होते. याला 'ज्यू राज्य' म्हणायचं तरी कसं? म्हणून गॅलिली वगळून दुसरी रेघ ओढली. तरी पावणेदोन लाखांवर अरब राहिलेच. मग तिसरी, फक्त समुद्रकाठची एक चिंचोळी पट्टी. त्यात अरब बरेच कमी झाले, पण राज्य इतकं छोटं झालं की येणाऱ्या निर्वासितांना ठेवणार कुठे हाच प्रश्न. म्हणजे अरब कमी करायला गेलं की राज्य आटतं, आणि राज्य वाढवायला गेलं की अरब वाढतात.

पैशाचा हिशोबही बसेना. कराचा मोठा वाटा ज्यू भागातून येत होता, त्यामुळे वेगळं अरब राज्य पहिल्या दिवसापासून तुटीत जाणार होतं. चार सदस्यांचंही एकमत झालं नाही : दोघे तिसऱ्या रेघेच्या बाजूने, एक दुसरीच्या, आणि एकाच्या मते कुठलीही फाळणी चालणार नाही. ९ नोव्हेंबर १९३८ ला अहवाल आला आणि सरकारने फाळणी सोडून दिली. त्याच रात्री जर्मनीत ज्यूंची दुकानं, घरं आणि प्रार्थनास्थळं फोडली, जाळली गेली. तारखांची ही जोडी मुलांच्या वहीत जरूर असावी.

पुढे मे १९३९ ची श्वेतपत्रिका आली. पाच वर्षांत फक्त ७५,००० ज्यूंना प्रवेश, आणि दहा वर्षांत एकच स्वतंत्र पॅलेस्टाइन. ज्यूंना हा विश्वासघात वाटला, युरोपातली कत्तल तोंडावर असताना दार लावलं गेलं. मुफ्तींच्या गटानेही ती नाकारली.

१९४७ : तीच रेघ, नवे हात

युद्धानंतर ब्रिटनने प्रश्न संयुक्त राष्ट्रांकडे ढकलला. अकरा देशांच्या समितीत भारताचे प्रतिनिधी होते न्यायमूर्ती सर अब्दुर रहमान. समितीच्या बहुमताने फाळणी सुचवली. भारत, इराण आणि युगोस्लाव्हिया या तिघांनी वेगळा अहवाल देऊन एकाच संघराज्याची कल्पना मांडली. ज्या उन्हाळ्यात आपल्याकडे रॅडक्लिफ यांची रेघ ओढली जात होती, त्याच उन्हाळ्यात हे चाललं होतं. २९ नोव्हेंबर १९४७ ला महासभेत मतदान झालं : फाळणीच्या बाजूने ३३, विरुद्ध १३, तटस्थ १०. भारताने विरुद्ध मत दिलं.

वेळ उरला तर मुलांना पुन्हा तोच हिशोब द्या. या नव्या रेघेने ज्यू राज्याला सुमारे ५५ टक्के जमीन मिळाली. त्यात ज्यू पाच लाखांच्या आसपास आणि अरब चार लाखांहून जास्त. अरब राज्यात ज्यू सुमारे दहा हजार. १९३७ चे दोन आकडे फळ्यावर असतीलच, त्यांच्या शेजारी हे लिहायचे.